कागद खरवडलेले डबे

देवळीच्या बसस्टँडमागचा तो मेकॅनिक कधी सरळ उत्तर देत नाही. काय बिघडलंय विचारलं की आधी पान्हा पुसतो, मग म्हणतो, "पाहू ना." ग्रीस लावताना तर हमखास पाठ करून बसतो. ग्रीसच्या डब्यांवरचे कागदही त्याने खरवडून टाकलेत. हलका माल वापरत असणार, असं मी धरूनच चाललो होतो.

त्यात परवा त्याचाच फोन आला. "सर, गाडी घेऊन येजा. ब्रेक पुन्हा खोलतो. पैसे नाई घेत."

दोनच महिन्यांपूर्वी त्याने ब्रेक खोलून बसवले होते आणि माझी काही तक्रार नव्हती. फुकटात काम करायला बोलावणारा मेकॅनिक मी अजून पाहिलेला नाही. तरी गेलो.

त्याने कॅलिपरमधली रबरी रिंग काढून माझ्या तळहातावर ठेवली, शेजारी नवी ठेवली. जुनी फुगून मऊ पडली होती.

"बेअरिंगचं ग्रीस लागलं. त्यानं रबर फुगते, ब्रेक जाम होते," तो म्हणाला. "कोणतं ग्रीस वापरतो ते कोणाले समजू नाई म्हून कागद काढतो. मीच फसलो."

मग त्याने कागद असलेला नवा डबा उघडला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून ग्रीस लावलं.

"अजून कोणाच्या गाड्यांना लागलं?"

"पाच होत्या. चार आल्या." त्याने पान्हा पुसला, पुसतच राहिला. "केळझरवाल्याचा फोन लागून नाई राह्यला."