डायलिसिस विभागात भैरवीला मनाई

जूनमधला तिसरा बुधवार, दुपारचे तीन. रक्कम एक हजार रुपये : पाचशे माझ्या मेहुण्याचे, पाचशे इन्चार्ज सिस्टरांचे. हजर : ते दोघे, एक तरुण डॉक्टर, आणखी दोन रुग्ण, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक काकू, त्यांची पेटी आणि मी. पैज लावणं मला पसंत नाही. म्हणून दोन्ही नोटा मी अनामत म्हणून माझ्या खिशात ठेवल्या आणि तसं सगळ्यांना सांगितलं.

दवाखान्याच्या डायलिसिस विभागात पैज लागायची वेळ का आली, ते आधी सांगायला हवं.

मेहुणा पिंपळगावचा, कांद्याचा व्यापारी. वर्षानुवर्षं लिलावात बोली लावून त्याचा आवाज असा झालाय की तो कानात बोलला तरी शेजारच्या खोलीत कळतं. मूत्रपिंडं कामातून गेल्यावर डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितलं, बुधवारी आणि शनिवारी. माल घेऊन येणाऱ्या टेम्पोत बसून तो आडगाव नाक्यापर्यंत येणार आणि तिथून मी त्याला गाडीने दवाखान्यात नेणार, असं ठरलं होतं. ठरलं होतं एवढंच. निम्म्या वेळा मी नाक्यावर उभा आणि याचा फोन : "दाजी, आज बाजार लय वर हाय. मशीन काय पळून चाललंय का?"

त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, रडली, डॉक्टर ओरडले, मी पायांवरच्या सुजेकडे बोट दाखवलं. उपयोग शून्य. "चार तास छताकडं बघत पडायचं," तो म्हणायचा. "त्यापेक्षा सूज बरी."

अशात एका बुधवारी विभागात काकू आल्या. आयुष्यभर त्यांनी टेलिफोन खात्यात नोकरी केली आणि नोकरी सांभाळून गाणं शिकल्या. स्टेजवर कधी बसल्या नाहीत. आता दर बुधवारी रिक्षात पेटी घालून त्या रुग्णांसाठी यायच्या, विनामोबदला. इथेच का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"घरी गायला बसले की एकेक जण उठून जातो," काकू म्हणाल्या. "इथं कुणाला उठता येत नाही."

पण त्यांची पद्धत वेगळी होती. त्या गाऊन दाखवायच्या नाहीत, गाऊन घ्यायच्या. प्रत्येक खाटेपाशी पेटी नेऊन विचारायच्या, "तुमचं गाणं कोणतं?" रुग्णाने पहिली ओळ म्हणायची, पुढे त्या सांभाळून घेणार. महापालिकेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्या भीमगीतं म्हणायच्या आणि तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज असा लागायचा की सलाईन बदलणारा वॉर्डबॉय थांबायचा. कोपऱ्यातल्या खाटेवर देवळाली कॅम्पचे एक निवृत्त हवालदार होते. ते तोंडावर चादर ओढून झोपत. त्यांचं गाणं कोणतं, हे कधीच कळलं नाही.

मेहुण्याने पहिल्या दिवशी अभंग सुरू केला आणि लिलावाच्या वेगाने एका दमात संपवला.

"माल खपला का?" काकूंनी विचारलं.

"खपला की!"

"मग आता निवांत म्हणा."

तेव्हापासून बुधवार चुकला नाही. उलट माझ्याआधी तोच नाक्यावर. शनिवारचं मात्र तेच, कधी येणार, कधी नाही. शनिवारी काकू नसायच्या.

मलाही काम मिळालं. मला गाता येत नाही, पण मोजता येतं, म्हणून काकूंनी मला टाळी धरायला बसवलं. आठ मात्रांचा ताल. मी नीट मोजून आठव्या मात्रेला जोरात टाळी दिली.

"तिथं नाही हो. पहिलीवर."

"पण बेरीज आठावर होते."

"होऊ दे. जमा पुढच्या पहिलीवर करायची."

म्हणजे मार्चअखेरचा ताळेबंद एक एप्रिलला. चाळीस वर्षं हिशोब लिहिण्याच्या सवयीविरुद्ध होतं, पण मी जमवलं.

आता मूळ भानगड. डायलिसिसच्या मशीनला अलार्म असतो. नळी दुमडली, दाब वाढला, काही झालं की ते एकाच सुरात ओरडत राहतं. दिवसातून अनेकदा वाजतं आणि गाण्याचा विचका होतो. काकूंनी यावर एक तोड काढली. अलार्म लागतो पेटीच्या काळी चार पट्टीला, असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी सगळ्यांचा षड्ज काळी चारलाच बांधला. मशीन वाजलं तरी गाण्यात खटकायचं नाही, उलट तंबोरा मिळाल्यासारखं वाटायचं. आम्हा सगळ्यांना ही युक्ती फार हुशारीची वाटली. यातली चूक कुणाच्याच लक्षात आली नाही.

जूनच्या दुसऱ्या बुधवारी मेहुणा रंगात आला. एक तान घेताना त्याने हात उचलला, सुया टोचलेला. नळी कोपराखाली दुमडली आणि मशीन वाजू लागलं. गाणं चालूच. काकू डोळे मिटून, बाई डोलताहेत, मी पहिलीवर टाळी देतोय. मेहुण्याने तर मान हलवून दाद दिली, "वा काकू! आज सूर लय भरलाय!"

सिस्टर चहाला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा मशीनवर लाल दिवा आणि खाली आम्ही चौघं तल्लीन. मशीन शहाणं, त्याने पंप आधीच थांबवला होता, म्हणून काही बिघडलं नाही. पण सिस्टरांचा आवाज मेहुण्याच्या वरचा निघाला.

"अहो, ते मशीन बोंबलतंय! तुम्हाला तंबोरा वाटला?"

वाटला होता, पण कुणी कबूल केलं नाही.

गाणं बंद झालं. डॉक्टर तरुण होते, स्वभावाने मऊ, पण त्यांचंही बरोबरच होतं : अलार्म ऐकू येणार नसेल तर गाणं नको. काकूंनी पेटीवर कापड घातलं. रिक्षापर्यंत पेटी मी नेली. त्या एवढंच म्हणाल्या, "माझीच चूक. सोय बघितली माझी, मशीनची नाही."

परतताना मी मेहुण्याला नाक्यापर्यंत आणलं. उतरताना म्हणाला, "दाजी, पुढच्या बुधवारी गाडी काढू नका."

या वेळी कांद्याच्या बाजाराचं नाव त्याने घेतलं नाही. मला तेच जास्त लागलं.

त्या रात्री मी काकूंना फोन केला. मी म्हणालो, "मला संगीतातलं कळत नाही, पण हिशोबात चूक पकडायची असेल तर ती रकमेत मिसळून चालत नाही. ती वेगळी दिसली पाहिजे. अलार्म खटकेल असा सूर धरता येईल का?"

पलीकडून गुणगुणण्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "पांढरी पाच. अर्धा सूर खाली. त्यावर मशीन वाजलं तर दात आंबतील."

पुढच्या बुधवारी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या बुधवारी, मेहुण्याला मी शब्दशः ओढून आणलं. काकूंनी डॉक्टरांना योजना सांगितली. डॉक्टर म्हणाले, चाचणी घेऊ. कोपऱ्यात पडद्यामागे एक मोकळं मशीन होतं. गाणं चालू असताना ते कधीतरी त्याचा अलार्म वाजवणार होते.

सिस्टर हसल्या. "तुमच्याआधी मी ऐकेन. देवळालीत तोफांशेजारी संसार केलाय, पण माझ्या पोराची खोकल्याची उबळ मला तीन खोल्यांपलीकडून कळायची."

"लावा पाचशे," मेहुणा म्हणाला. "तुम्ही एका बाजूला, आम्ही पेशंट एका बाजूला."

नोटा माझ्याकडे आल्या. सिस्टर पाठ फिरवून टेबलाशी बसल्या. काकूंनी पांढरी पाच दाबली आणि ती खालीच राहिली. पेटी जुनी, जूनच्या दमट हवेत ती पट्टी फुगून बसली होती. दर वेळी अंगठ्याने ती उचलावी लागे. तशातच बाईंनी गाणं सुरू केलं, मेहुण्याने उचललं, मी मोजू लागलो.

आणि अलार्म वाजला.

काय सांगू! ताटात खडा लागावा तसं झालं. बाईंनी नाक मुरडलं, माझी टाळी तिसऱ्या मात्रेवर पडली. आणि सगळ्यांच्या आधी कोपऱ्यातल्या चादरीखालून आवाज आला :

"अरे, कुत्रं शिरलं का आत?"

हवालदार. इतक्या बुधवारांत पहिल्यांदा बोलले.

"जिंकलो!" मेहुणा ओरडला. "हवालदार आमच्यातले!" सिस्टर अर्ध्या उठल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. डॉक्टर पडद्यामागून हसत आले आणि गाण्याला परवानगी मिळाली.

इथेच संपलं असतं तर बरं. पण काकू खूश झाल्या आणि मैफल संपवायच्या रिवाजाने त्यांनी भैरवी घेतली. सगळे तिच्यात शिरले. चादरसुद्धा हळूहळू हलत होती. थोड्या वेळाने सिस्टर उठल्या, सरळ पडद्याकडे गेल्या आणि त्यांनी तो बाजूला केला. डॉक्टरांनी गुपचूप आत जाऊन मशीनचा अलार्म पुन्हा लावून ठेवला होता. ते वाजत होतं आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता.

"पडद्यातून लाल दिवा दिसत होता," सिस्टर म्हणाल्या. "एकेक झालं."

काकूंनी कपाळावर हात मारला. भैरवीत रिषभ कोमल लागतो, षड्जाच्या अर्धा सूर वर. षड्ज पांढरी पाच धरला की तो कोमल रिषभ नेमका काळी चारवर येतो. मशीन पुन्हा गाण्यात मिसळलं होतं.

डॉक्टरांनी निकाल दिला : गाणं चालू, भैरवी बंद.

काकू पेटीवर हात ठेवून बसून राहिल्या. परवानगी परत मिळाली होती तरी चेहरा उतरलेला. "मागचा बुधवार सोडला तर साठ वर्षांत भैरवी घेतल्याशिवाय पेटी मिटली नाही," त्या म्हणाल्या. "भैरवीशिवाय उठायचं कसं?"

"उठतंय कोण, काकू?" मेहुणा म्हणाला. "शनिवारी परत हायच की आम्ही इथंच."

मी त्याच्याकडे पाहिलं. शनिवार हा शब्द मी त्याच्या तोंडून स्वखुशीने पहिल्यांदा ऐकत होतो.

"येणार शनिवारी?" काकूंनी विचारलं. "नक्की?"

"संपलंच नाय ना गाणं. मग यायला नको?"

"मग मीही येते," काकू म्हणाल्या, आणि भैरवी न घेताच त्यांनी पेटी मिटली. तेव्हापासून मेहुण्याचा एकही शनिवार चुकलेला नाही. बाजार मध्ये बराच वर जाऊन आला, तरीही.

पैज बरोबरीत सुटली. अनामत परत घ्यायला दोघंही तयार नव्हते, आणि दुसऱ्याने घ्यावी हेही दोघांना मान्य नव्हतं. मग सर्वांसमक्ष ठरवून आठशे ऐंशी रुपये पंचवटीतल्या पेटी दुरुस्त करणाऱ्याला पांढरी पाच मोकळी करण्यासाठी दिले. उरलेले एकशे वीस शनिवारच्या भाड्यासाठी काकूंना देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत, म्हणून पेटी आत ठेवताना मी ते रिक्षावाल्याच्या हातात दिले.