विमनस्क मंडळींची पंगत

जुईनगरच्या आमच्या सोसायटीचं वाचनालय म्हणजे ऑफिसातलं एक लोखंडी कपाट, आणि त्याची किल्ली तळमजल्यावरच्या आजोबांकडे. साताऱ्याहून आलेल्या या आजोबांची हयात वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी वाहण्यात गेली होती, पण पुस्तकांच्या बाबतीत ते मास्तरांहून कडक. पुस्तक परत न्यावं, की ते कुठलंही पान उघडून एखाद्या अवघड शब्दावर बोट ठेवत आणि अर्थ विचारत. सांगता आला तर पुढचं पुस्तक, नाहीतर आठवडाभर बालगोष्टी.

मी तेव्हा सहावीत होते. एका रहस्यकथेचा दुसरा भाग नायिकेला भुयारात अडकवून संपला होता आणि तिसरा भाग त्या कपाटात होता. अवघड शब्द मी वाचताना खुशाल गाळायचे. थापा मारण्यात मात्र माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

आजोबांचं बोट ‘विमनस्क’वर थांबलं. नायक विमनस्क होऊन घरी येतो आणि थेट पानावर बसतो, एवढंच मला आठवत होतं. मी ठोकून दिलं, भुकेने कासावीस झालेला. आजोबांनी चष्म्यावरून बघितलं, मान डोलावली आणि तिसरा भाग काढून दिला. जिना चढताना मी स्वतःवर भलतीच खूश होते.

चार दिवसांनी सोसायटीत सत्यनारायण होता. फळ्यावर सूचना लिहायचं काम आजोबांचंच. संध्याकाळी बाबा बेलापूरच्या ऑफिसातून आले ते हसतच. फळ्यावर लिहिलं होतं म्हणे, ‘विमनस्क मंडळींनी पहिल्या पंगतीला बसावे.’ विमनस्क म्हणजे उदास, मन थाऱ्यावर नसलेला, असं त्यांनी आईला समजावलं आणि आपण दुसऱ्या पंगतीला बसू म्हणाले. आईला हसू आवरेना.

मी धावत खाली गेले. तो शब्द पुसून तिथे ‘भुकेल्या’ लिहिलं आणि खडू ठेवायला ऑफिसात शिरले. आजोबा नव्हते. टेबलावर त्यांची वही उघडी होती. ओळीओळीने शब्द, त्यापुढे अर्थ आणि कंसात सांगणाऱ्या पोराचा खोली नंबर. आमचा नंबर सगळ्यांत जास्त वेळा होता, म्हणजे ती वही निम्मी तरी खोटी होती. ते आमची परीक्षा घेतच नव्हते, आमच्याकडून शिकत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसरा भाग परत करायला गेले तेव्हा चौथा समोरच दिसत होता. फळ्यावरचा शब्द कोणी पुसला, हे आजोबांनी विचारलं नाही. त्यांनी पान उघडलं आणि ‘कृतककोप’वर बोट ठेवलं.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

त्यांनी बोट तसंच ठेवलं. दाराकडे एकदा बघून घेतलं.

“मला बी न्हाई,” ते म्हणाले.

मी पिशवीतून बाबांचा शब्दकोश काढला.