पितळी नळीचा तुकडा

बोरी अरबच्या धम्मरत्नने मला फसवलं, आणि तेही माझ्याच विषयात. मी यवतमाळला एका तंत्रनिकेतनात इंजिन शिकवतो. पंधरा वर्षं फळ्यावर कार्बोरेटरची आकृती काढतो आहे. धम्मरत्न दहावी नापास. ही गोष्ट मी वर्षभर कुणाला सांगितली नाही. आता लिहितोय, कारण बोरीची पोरं फोन बघतात, वाचत नाहीत. त्यातल्या एखाद्याने वाचलंच तर सरांनी मनाचं काहीतरी रचलंय असं समजावं आणि सोडून द्यावं.

धम्मरत्नचं गॅरेज बाजाराच्या तोंडाशी आहे. वय बावन्न, अंगाने काटक, बोलणं मोजकं. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर त्याच्यासारखा हात जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नाही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावतो, मूठ कानाला लावतो आणि आत काय बिघडलंय ते सांगतो. मी हे वर्गात सांगितलं तर पोरं हसतात. हसू देत. त्याचं निदान चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

पाच वर्षांपूर्वी त्याचा मुलगा संघदीप गेला. बावीस वर्षांचा होता. दारव्हा रस्त्यावर संध्याकाळी एक ट्रॉली बिनदिव्याची उभी होती, तिच्यावर जाऊन आदळला. त्याची आरएक्स मोटरसायकल धम्मरत्ननेच स्वतःच्या हाताने तेज करून दिली होती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी तोंडावर बोललं नाही. धम्मरत्न रडला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी कार्यक्रम संपला आणि एका पाहुण्याची गाडी सुरू होईना. तेव्हा हा पांढऱ्या कपड्यांत खाली बसला, प्लग काढून साफ केला, हात धुतले आणि पुन्हा येऊन पोराच्या फोटोपाशी बसला. त्याची बायको शीलाताई मला एकदा म्हणाली, ते जेवतात, झोपतात, काम करतात. इचारलं त म्हणतात मले काही वाटत नाही. लाइट गेल्याचं सांगावं तसं तिने हे सांगितलं.

त्यानंतर त्याने गाडी तेज करणं बंद केलं. दुरुस्ती करायचा, पण वेगाचं काम कुणी आणलं की नाही म्हणून मान हलवायचा. पोरं यवतमाळला जाऊ म्हणायची, पण जायची नाहीत, कारण असा हात तिकडे नव्हता.

आणि मला नेमकं वेगाचंच काम करून घ्यायचं होतं. बाबांची चौऱ्याण्णवची आरएक्स घरी पडून होती. कोइमतूरजवळच्या ट्रॅकवर ट्रॅक डे असतो. आपली गाडी न्यायची आणि बंद रस्त्यावर दिवसभर गोल गोल पळवायची. शर्यत नाही, कप नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. एकेचाळीस वर्षांच्या माणसाला हे कशाला सुचावं, असं माझ्या बायकोने, मितालीने, विचारलं. मी खरं सांगितलं. आमच्या रस्त्यांवर बकरी, ट्रॅक्टर आणि गतिरोधक यांच्यामधून मी आयुष्यभर अर्ध्या मुठीने गाडी चालवली. एकदा, मरायच्या आधी एकदा, मूठ पूर्ण पिळायची होती. ती म्हणाली, मरायच्या आधी म्हणजे नेमकं किती आधी ते बघा.

धम्मरत्नने ऐकून घेतलं आणि नेहमीसारखी मान हलवली. मी चिडलो. चिडल्यावर मला शिकवायला लागायची खोड आहे. तिथल्या तिथे त्याला ट्रॅक समजावून सांगितला. सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात. वळणाबाहेर खडी असते. अँब्युलन्स उभी असते.

"सामोरून काहीच येत नाही?" त्याने विचारलं.

नाही म्हणालो.

तो हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "येत नाही, बरं. पण उभं? उभं काही राह्यते काय?"

काही उभं नसतं, मी सांगितलं. त्याने हेच पुन्हा एकदा विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. मग म्हणाला, आणा गाडी.

तीन महिने दर रविवारी मी बोरीला गेलो. त्याने इंजिन उतरवलं, सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन बसवला. ट्रॅकच्या नियमांचा कागद मी त्याला वाचून दाखवला आणि त्याने एकेक गोष्ट गाडीवरून उतरवली: दिवे, आरसे, स्टँड, मागची पायदानं, आई बसायची म्हणून लावलेला साडी गार्ड. सगळं एका पोत्यात भरून वर माझं नाव लिहिलं. हँडल खाली घेतलं, पाय ठेवायच्या दांड्या मागे घेतल्या. ऑइलचा नट सुटू नये म्हणून तो तारेने बांधायचा असतो. ते काम त्याने इतकं नेटकं केलं की मी फोटो काढून वर्गात दाखवला. शेवटी मूठही बदलली. म्हणाला, ही थोडी पिळली का पूर्ण खुलते, हात दुखणार नाही. मला कौतुक वाटलं. मी ती गाडी बोरीच्या रस्त्यावर दोनदा फिरवली, पण बकऱ्या होत्या, त्यामुळे पूर्ण पिळली नाही.

कोइमतूरला गाडी तपासणाऱ्या माणसाने ती तार बोटाने चाचपली आणि कुणाचं काम आहे विचारलं. मी मोठ्या ऐटीत धम्मरत्नचं नाव सांगितलं. मग ट्रॅकवर गेलो, सरळ पट्टा आला आणि मी मूठ पिळली. काटा पंच्याहत्तरवर जाऊन बसला. दुसऱ्या फेरीत पंच्याहत्तर. दहाव्या फेरीत पंच्याहत्तर. माझ्या गाडीहून म्हाताऱ्या गाड्या माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. एक बाई गेली, तिने जाताना हात केला.

मी गाडी बाहेर आणली आणि प्लग बदलला, जेट तपासला, स्वतःला आणि इंजिनला शिव्या दिल्या. शेजारी एक तमिळ मेकॅनिक डबा खात होता. त्याने डबा बाजूला ठेवला, हवेचा फिल्टर काढला, मला मूठ पिळायला सांगून कार्बोरेटरच्या तोंडात डोकावला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, आधाही उठता है. त्याने वरचं झाकण फिरवून काढलं. आतल्या स्प्रिंगमध्ये एक पितळी नळीचा तुकडा होता, नखाएवढा. केबल त्यातून गेली होती. मूठ कितीही पिळा, हवेची वाट उघडणारी आतली पट्टी अर्ध्यावर त्या तुकड्याला अडकणार. मूठ थोड्यातच संपते याचं मला नवल वाटू नये, म्हणून तीही बदलली होती. चूक म्हणावी तर तशी नव्हती. तुकड्याच्या दोन्ही कडा कानशीने घासून, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केल्या होत्या, केबल कापली जाऊ नये म्हणून.

मी तुकडा खिशात टाकला आणि उरलेला एक तास गाडी पूर्ण खोलून चालवली. काटा एकशे पाचच्या वर गेला. ज्याच्यासाठी तीन महिने धडपडलो तो क्षण आला आणि मला काही वाटलं नाही. आनंद नाही, भीती नाही. हेल्मेटमध्ये नुसता आवाज होता. मी फेऱ्या मोजत राहिलो आणि वेळ संपल्यावर बाहेर आलो.

गाडी ट्रान्सपोर्टने यायला आठ दिवस लागले. मी तेवढे दिवस राग जपून ठेवला. ती उतरवून घेतली आणि पिकअपमध्ये टाकून थेट बोरीला नेली. दिवे-आरसे परत लावून तिला पुन्हा रस्त्याची करायचीच होती. तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने पाहिलं आणि विचारलं, "काढली?"

त्यानंतर मी बराच वेळ बोललो. विश्वासघात म्हणालो, तीन महिने म्हणालो, पोरासारखं वागवता म्हणालो. हे शेवटचं बोलायला नको होतं. तो ऐकत होता. तेवढ्यात माझं लक्ष टेबलाच्या कोपऱ्याकडे गेलं. फवारणीच्या पंपाची पितळी नळी तिथे पडली होती. अशी नळी हातभर असते. ती वीतभर उरली होती आणि तिचं टोक करवतीने सरळ कापलेलं होतं.

मला गणित येतं. मी तिथल्या तिथे केलं आणि माझा आवाज खाली आला. विचारलं, आणखी कुणाच्या गाडीत?

"पोट्ट्यायच्या," तो म्हणाला. "जे माह्याकडे येतात त्यायच्या. जुन्या गाड्यात बसते. नव्यात नाही बसत, त्यायले मी काही करू शकत नाही."

मी म्हणालो, अहो, ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी कमी पडली तर? उलट तेच मरतील.

"त मांगं राह्याचं," तो म्हणाला.

मी स्टुलावर बसलो. शीलाताईने चहा आणून दिला. तिला हे माहीत होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही. मला वाईट वाटत होतं का? वाटायला हवं होतं. चहा गोड होता, एवढंच आठवतं.

चहा संपला नव्हता तोच अंकुर आला. गावातलाच, वीस-एकवीसचा, जुनी कार्बोरेटरची गाडी, मागच्या मडगार्डवर निळा स्टिकर. मी ट्रॅकवर जाऊन आलो हे त्याने ऐकलं होतं. त्याने मला पाहिलं आणि धम्मरत्नला ओलांडून सरळ माझ्याकडे आला. "सर, तुमीच सांगा. माही गाडी साठच्या वर काहून जात नाही? मेळ बसून नाही राह्यला. उद्या यवतमाळले नेतो, खोलून पाहतो म्हणतात तिथले."

धम्मरत्न खाली बसून माझ्या गाडीचं मागचं चाक पाहत होता. त्याने मान वर केली नाही. पाना हातात होता, पण हात हलत नव्हता. मी एक वाक्य बोललो असतो तर आठवडाभरात बोरीतल्या सगळ्या गाड्यांची झाकणं उघडली असती आणि या माणसाच्या दारात पुन्हा कुणी आलं नसतं. आणि मी खोटं बोललो आणि पुढच्या ट्रकला अंकुर कमी पडला तर, हेही डोक्यात होतंच. मी दोन्ही नीट तोलून ठरवलं, असं म्हणता येणार नाही. माझ्या समोर त्या माणसाचा थांबलेला हात होता.

मी अंकुरची गाडी सुरू करायला सांगितली. प्राध्यापकासारखा वाकून ऐकली. मूठ दोनदा फिरवली. "इंजिन ठणठणीत आहे," मी म्हणालो. "या मॉडेलची एवढीच हद्द. खोललीस तर बिघडेल. मी हेच शिकवतो, पंधरा वर्षं."

त्याचा चेहरा पडला. मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याने विचारलं, तुमची किती गेली?

"पंच्याहत्तर."

"येवढी मेहनत करून?"

"शेवटून पहिला आलो," मी म्हणालो. "एक बाईसुद्धा पुढे गेली."

अंकुर मनापासून हसला. संध्याकाळपर्यंत हे बाजारभर होणार, हे मला दिसत होतं. त्याने किक मारली आणि गेला. आवाज बाजारातून वळून रस्त्याला लागला, साठवर स्थिर झाला आणि दूर जात राहिला. तो पूर्ण विरेपर्यंत धम्मरत्न तसाच बसून होता.

मग त्याने टेबलावरचा तुकडा उचलून माझ्यासमोर धरला. मी मान हलवून होकार दिला. तो माझ्या कार्बोरेटरचं झाकण फिरवू लागला आणि खालीच बघत, कसलाही भाव नसलेल्या आवाजात म्हणाला,

"पोरगं नव्वदवर खूश होतं, सर. त्यानं मांगितलंच नव्हतं. मीच म्हनलो, आण, अजून निघते."

मी टॉर्च धरला, त्याला दिसावं म्हणून.