पाठीकडून दिसणारा मोर

कुठेही चादर दिसली की चाचा आधी ती पालथी करायचे. लग्नाच्या मांडवात बसायला टाकलेली असो, की दवाखान्यात पेशंटच्या अंगावरची. कोपरा उचलायचा, मागचे सुटे धागे बोटाने चाचपायचे आणि म्हणायचं, "तोंडाला काय, सगळेच पावडर लावतात. पाठ दाखवा की!" दवाखान्यातला तो पेशंट त्यांचा सख्खा मेहुणा होता. ताप विसरून तोही हसला म्हणे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या चादरीच्या कारखान्यात मी डिझाईन काढते, तिथे ते अधूनमधून यायचे. नोकर नव्हते, मालकही नव्हते. आमच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता. आपण चित्र काढायचं. कुठला धागा कधी उचलायचा हे तो मागाला सांगायचा. एकेकाळी आसपासच्या कितीतरी कारखान्यांत तो चालायचा. मी कामाला लागले तेव्हा आमचा एकच उरला होता.

त्या प्रोग्रॅमची एक तऱ्हा होती. आमच्या मागांवर चादर पालथी विणली जाते, सरळ बाजू खाली. विणणाऱ्याला दिसते ती पाठ. म्हणून चाचांच्या पडद्यावरही पाठच दिसायची. मोर उजवीकडे बघायला हवा असेल तर डावीकडे बघणारा काढायचा. "विणकर बघतो तेच डिझायनरनं बघावं," हा त्यांचा न्याय.

बाकी सगळ्यांनी बाहेरून आलेलं एक मोठं सॉफ्टवेअर घेतलं होतं. तुम्ही कुठल्याही धंद्यात असा, हे पाहिलं असेलच. सगळ्यांनी घेतलंय म्हणून सगळे घेतात. क्लासात तेच शिकवतात, नव्या मागांबरोबर तेच येतं, गिऱ्हाईक त्याच्याच फायली पाठवतं.

"चाचा, पार्टीची फाईल उघडत न्हाय तुमच्यात," आमचे मालक अण्णा म्हणायचे.

"कागदावर काढून पाठवा म्हणावं."

"कागद! आता खिशाला पेनसुद्धा नसतो त्यांच्या."

आमचं घर चळवळीतलं, पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. पत्रक लिहिलं: 'आपल्या मागाला आपलं सॉफ्टवेअर!' मक्तेदारी, गुलामी, सगळं घातलं. चाचांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"लई जोरदार," ते म्हणाले. "पण बेटा, ह्यानं फाईल उघडत न्हाय की."

निकाल लागला तो एका लॉजच्या ऑर्डरने. लॉजने आपलं नाव त्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ मांडून पाठवलं. आमच्या नव्या डिझायनरने त्याचं चित्र करून तसंच चाचांच्या प्रोग्रॅममध्ये टाकलं. प्रोग्रॅमला वाटलं, ही पाठच आहे. गठ्ठेच्या गठ्ठे चादरींवर नाव आरशात दिसावं तसं उलटं उमटलं.

"चादरीसंगट आरसा फुकट द्यावा म्हणतो," अण्णा म्हणाले. कुणी हसलं नाही. मग त्यांचा आवाज खाली आला. "चाचा, दोन्ही सांभाळून कारखाना चालत न्हाय. मोठंच घेतो आता."

"घ्या."

"आणि जुन्या डिझाईनी? त्या तुमच्याशिवाय कुटंच उघडत न्हाईत."

चाचा स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर पडले. मी त्यांना फाटकाशी गाठलं. "देऊ नका चाचा! हेच तुमचं हत्यार आहे. डिझाईनं हवीत तर प्रोग्रॅम ठेवा म्हणावं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतका थकलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"कोंडून ठेवू? मोठे लोक तेच करतात म्हणून तू पत्रक काढलंस ना?"

त्यांनी स्कूटर स्टँडवरून काढली.

"त्या डिझाईनी काढणारे निम्मे मातीत गेले, बेटा. मोर त्यांचे हायत. माझा फकस्त पिंजरा."

मग रोज दुपारी ते येऊन बसू लागले. स्वतःच्या प्रोग्रॅममधून डिझाईन बाहेर काढून मोठ्यात नेणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. आयुष्यातलं शेवटचं काम कोणतं, तर आपल्याला सोडून जाणाऱ्यांना वाट करून देणं! माझ्या डोक्यात राग मावत नव्हता. ते मात्र एकेक डिझाईन नेत, नव्या पडद्यावर उघडून बघत, एखादा धागा चुकला तर पुन्हा नेत. पाठमोरे मोर एकेक करून सरळ होत गेले. कधी मध्येच थांबून म्हणत, "हे आमच्या उस्तादाचं. बघ, पान कसं वळवलंय."

शेवटचं डिझाईन गेलं तेव्हा अण्णा मागे येऊन उभे राहिले.

"चाचा, तुमचं काढून टाकावं का मशीनवरनं? नाहीतर पुन्यांदा घोळ व्हायचा."

"काढा की. खरंय तुमचं." चाचांनी चष्मा खिशात ठेवला. "फकस्त माझ्यासमोर नको. मी चहा पिऊन येतो."

टपरी फाटकासमोरच आहे, खिडकीतून दिसते. चाचा तिच्याजवळ थांबले नाहीत. स्कूटर चालू न करता, हाताने ढकलत रस्त्याच्या कडेने ते पुढे गेले.

अण्णांनी मला खूण केली. "येऊ देत आधी," मी म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसले. पाळी सुटली, माग थांबले, बायका डबे घेऊन निघाल्या. शेवटी अण्णांनी माझ्याकडे न बघता माऊस स्वतःकडे ओढला.