कवळीताईंचा दगड

बोलताना ताई समोरच्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नसत, दातांकडे बघत. यात त्यांचा काही दोष नव्हता. दंतवैद्यांना कवळ्या करून देणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये, खिडकीशेजारच्या टेबलावर, मेणात दात बसवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. कुणी हसलं की ताईंना आधी कळायचं पुढचे दोन दात खरे आहेत की लावलेले, आणि माणूस हसलाय हे मागाहून कळायचं. ओळखीचे लोक त्यांना तोंडावर ताई म्हणत आणि पाठ फिरली की कवळीताई. त्यांना हे माहीत होतं. नाव वाईट नाही, असं त्यांचं मत होतं.

त्या धंद्याची एक गंमत आहे, आणि गंमत म्हणायचं ते आपलं बोलायची पद्धत म्हणून. कवळी ओळखू आली की ती बिघडली. दाताचा पिवळेपणा किती हवा, हिरडीचा गुलाबी कुठं जरा निळसर करायचा, म्हाताऱ्या माणसाचा एखादा दात मुद्दाम वाकडा कसा बसवायचा, हे ताईंना झोपेतही जमलं असतं. आणि ते जितकं चांगलं जमे तितकं कुणाच्या लक्षात येत नसे. कौतुक डॉक्टरांचं व्हायचं. कवळी घालणाऱ्याला तर अशी कुणी बाई जगात आहे याचाही पत्ता नसे. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या आजोबांनी जांभई दिली आणि ताईंनी आपलं काम ओळखलं. त्या त्यांच्या तोंडाकडे बघून इतक्या कौतुकानं हसल्या की आजोबा घाबरून दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहिले.

लग्न झालं नव्हतं. दादा-वहिनींच्या घरात मागची खोली त्यांची होती. वहिनी वाईट नव्हत्या, पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं.

अशा बाईला लपवलेल्या डब्या शोधण्याचा नाद लागावा, हे तसं सरळच होतं. खेळ साधा. कुणीतरी गावात कुठंतरी एक डबी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे मोबाइलवर टाकतो. बाकीच्यांनी आकड्यांच्या मागं तिथवर जायचं, डबी शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. मग मोबाइलवर सगळ्यांना दिसेल असं लिहायचं, 'सापडली' किंवा 'सापडली नाही'. खेळणाऱ्यांचं मंडळ जमायचं सायकलवाल्या काकांच्या दुकानामागच्या खोलीत, सुट्ट्या चाकांच्या आणि वंगणाच्या वासात. नव्या डबीला मंजुरी द्यायचं काम काकांकडं होतं.

"आठवडाभर लोकांचे दात, आणि सुटीच्या दिवशी लोकांचा कचरा," वहिनी म्हणायच्या. "तुला बसून आराम करता येत नाही का गं?"

मंडळाचे नियम ताईंना पाठ होते आणि इतरांना ते पाठ नाहीत याचा त्यांना राग होता. बघणारं कुणी असेल तर डबी काढायची नाही. आतलं काही घेतलं तर तेवढ्याच मोलाचं ठेवायचं. लपवणाऱ्यानं जागा सांगायची नाही, गळ्याशी आलं तरी नाही. दाखवलेली डबी ही सापडलेली डबी नव्हे. आणि सगळ्यांत मोठं पाप म्हणजे पिल्लू सोडणं. खूप शोधूनही डबी मिळाली नाही की काहीजण खिशातली दुसरीच डबी तिथं ठेवतात, तिच्यात सही करतात आणि 'सापडली' म्हणून मोकळे होतात. मंडळात याला पिल्लू म्हणत. पिल्लू सोडणाऱ्याचं नाव ताई पायपुसण्याला पाय पुसावेत तसं घेत.

बालवाडीच्या बाईंचा ताईंवर दात होता तो अशाच एका नियमापायी. बाईंनी एका पुलाखाली डबी शोधली, सही केली, आनंदात मंडळात सांगायला आल्या, तर ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्यानं बोट दाखवलं, मग तुम्हाला दिसली. मी पुलावरच होते. सही खोडा." बाईंनी हसत विषय टाळला. ताईंनी तो टाळू दिला नाही. शेवटी बाई एकट्या परत पुलाखाली गेल्या आणि आपली सही खोडून आल्या. तेव्हापासून त्या ताईंशी गरजेपुरतंच बोलत. ताईंना त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. नियम म्हणजे नियम.

भांडणाचं दुसरं माणूस म्हणजे उपग्रह, हे मंडळानं ठेवलेलं नाव. नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले हे गृहस्थ खेळायला निघाले की मोहिमेवर निघाल्यासारखे दिसत. हातात उपग्रहाशी बोलणारं वेगळं यंत्र, कपाळावर दिवा, लांब होणारी चुंबकाची काठी, गुडघ्यांना गाद्या. मोबाइलवर खेळणारे त्यांच्या लेखी पोरंटोरं होती.

"माझं यंत्र हातभर अंतरापर्यंत अचूक सांगतं," ते म्हणायचे.

"मग त्या हातभरात काय करता?" ताई विचारायच्या. "तिथं पुढं डोळे लागतात."

ताईंचं सामान चष्म्याच्या जुन्या घरात मावे. दाढांमागं बघायचा दांडीचा छोटा आरसा आणि फट कोरायची वाकडी सळई, दोन्ही लॅबमधलंच. उपग्रह ते बघून दरवेळी विचारायचे, "डबी शोधताय की दाढ काढताय?" आणि दरवेळी एकटेच हसायचे. त्यांचा खालचा एक दात हलत होता. ताईंनी तो पाहिला होता, सांगितला नव्हता.

मग लॅबमध्ये यंत्र आलं. आता डॉक्टर तोंडात एक दांडी फिरवतात, चित्र संगणकात उतरतं आणि यंत्र दात कोरून देतं. मालकांनी ताईंना चहा पाजून सांगितलं, की दुरुस्तीची कामं येत राहतील, तुम्ही आहातच. दुरुस्तीची कामं म्हणजे तुटलेल्या कवळ्या चिकटवणं. ताई खिडकीशेजारी नुसत्या बसायला लागल्या. हात रिकामे राहिले की त्यांना घास गिळवेनासा व्हायचा.

त्या रिकाम्या दिवसांत त्यांनी दगड केला. वाचनालयामागं कालव्याला लागून एक जुनी दगडी भिंत आहे. तिच्यातला एक दगड कधीतरी निखळून पडला होता आणि तिथं खळगा राहिला होता. ताईंनी हिरडीचा घेतात तसा त्या खळग्याचा ठसा घेतला, शेजारच्या दगडाच्या तोंडाचा ठसा घेतला आणि कवळीच्याच मसाल्यात पोकळ दगड ओतला. मग रंग. ओल्या बाजूचा काळा, उन्हाच्या बाजूचा राखी, शेवाळ धरलेली एक कड, वरच्या दगडावरून ओघळलेल्या गंजाचा डाग पुढं चालू. मागं फिरकीचं झाकण, आत सहीचा कागद. रंग तीनदा खरवडून काढला आणि चौथ्यांदा बसला. खळग्यात तो दगड बसवल्यावर त्या स्वतः चार पावलं मागं गेल्या आणि क्षणभर त्यांनाही तो दिसेना.

त्यांना काय हवं होतं ते फार नव्हतं. कुणीतरी एकानं त्या भिंतीसमोर उभं राहावं, डोळे बारीक करावेत आणि म्हणावं, हा दगड नाही, हा कुणीतरी हातानं केलाय. आयुष्यात एकदा. तोंडातल्या दातांना ते कुणी म्हणणार नव्हतं, म्हणू नये हीच त्यांची कसोटी होती. पण इथं लोक शोधायलाच येणार होते.

काकांनी मंजुरी दिली. इशारा म्हणून ताईंनी लिहिलं, 'समोरच आहे.' पहिल्या आठवड्यात 'सापडली नाही' असे निरोप आले तेव्हा ताई खूश होत्या. दुसऱ्या आठवड्यातही खूश होत्या, पण मोबाइल जरा जास्त वेळा बघत होत्या. मग त्या लॅबमधून येताना मुद्दाम कालव्याकडून यायला लागल्या. लोक भिंतीजवळ वाकलेले दिसायचे, फटींत बोटं घालायचे, त्या दगडावर हात टेकवून विश्रांती घ्यायचे आणि निघून जायचे. ताई झाडाआड उभ्या राहून ओठ चावायच्या.

आणि एका सकाळी निरोप आला. उपग्रह. 'सापडली. फटीत होती. फारशी अवघड नाही. यंत्र चांगलं असलं की काम होतं.'

ताई चप्पल अडकवून तशाच निघाल्या. दगड जागेवर होता, आतला कागद कोरा होता. त्याच्या दोन हात पलीकडं एका फटीत पांढरी प्लास्टिकची बाटली खोचलेली होती, गुडघेदुखीच्या गोळ्यांची. लेबल खरवडायचेही कष्ट घेतलेले नव्हते. आत चिठोरा, त्यावर उपग्रहांची ऐसपैस सही.

त्यानंतर सगळ्यांनाच सापडायला लागली. 'छान जागा.' 'मुलांसोबत पटकन मिळाली.' 'ताई, तुमच्याकडून जरा जास्त अपेक्षा होती.' हा शेवटचा निरोप ताईंनी किती वेळा वाचला ते सांगत नाही. बोलायची सोय नव्हती. ती डबी माझी नाही म्हणावं, तर तुमची कुठं आहे असं विचारणार, आणि लपवणाऱ्यानं जागा सांगायची नाही हे त्यांनीच लोकांच्या डोक्यात हातोडीनं ठोकलेलं. आपल्याच नियमानं त्यांची दातखीळ बसवली होती. पंधरवडा त्यांनी दातओठ खाऊन काढला. मग एका संध्याकाळी त्या कालव्यावर गेल्या, बाटली उपटली आणि पर्समध्ये टाकली.

कुणीतरी पाहिलंच. काकांनी मंडळ बोलावलं.

"ताई, डबी तुम्ही काढली?" काकांनी विचारलं. हातातल्या फडक्यानं ते उगाच एक पायडल पुसत होते.

"ती डबी नव्हती. पिल्लू होतं." ताईंनी बाटली टेबलावर ठेवली. "गुडघे कुणाचे दुखतात ते विचारा."

उपग्रह तापले. "मी तासभर शोधलं तिथं. काही नव्हतंच. तुमची डबी कुणी नेली असेल म्हणून मी उपकार म्हणून दुसरी ठेवली. माझ्यावर कसले आरोप करता?"

"विचारायचं होतं मला."

"मग आहे कुठं तुमची? दाखवा की."

ताईंनी सगळ्यांकडं पाहिलं. बालवाडीच्या बाई कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या आणि जमिनीकडं बघत होत्या. खरी डबी न दाखवता निघून गेलं, तर चोर म्हणून निघायचं होतं. दाखवली, तर ती आयुष्यात कुणाला सापडणार नव्हती.

"चला," ताई म्हणाल्या.

भिंतीसमोर ताईंनी सगळ्यांना उभं केलं आणि त्या चक्क विनवणीच्या सुरात बोलल्या, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. "समोर आहे. मी बोट दाखवत नाही. बघा जरा. घाई नाही."

त्यांनी आपला आरसा काढून पुढं धरला. तो कुणी घेतला नाही. काकांनी दोन-चार दगड चाचपले. उपग्रहांनी यंत्राकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, पुन्हा यंत्राकडं. एकानं घड्याळ पाहिलं. बालवाडीच्या बाई तेवढ्या बराच वेळ बघत राहिल्या, एका टोकापासून, एकेक दगड, आणि ताईंचा जीव त्यांच्या नजरेबरोबर सरकत गेला. नजर दगडावर आली, थांबल्यासारखी वाटली आणि पुढं गेली.

"ताई, उशीर होतोय हो," काका म्हणाले.

ताईंनी हात पुढं केला आणि दगड काढला.

"अरे," कुणीतरी म्हणालं. तेवढंच.

मग उपग्रहांनी सांगितलं की हे नियमात बसत नाही, दगडासारखा दगड केल्यावर माणसानं शोधायचं काय. काकांनी मान डोलावली. ते म्हणाले, "पिल्लू असेल ताई, पण आता मोठं झालंय. इतक्या लोकांनी त्यात सह्या केल्यात. त्यांना काय सांगू, खोडा म्हणून? बाटली राहू दे. आणि हे पण राहू दे हवं तर, वेगळं नाव द्या. सुंदर केलंय हो, खरंच." मग ते जरा घुटमळले. "आता आलोच आहोत तर सह्या करून टाकतो. म्हणजे तुमचाही कागद कोरा राहायला नको."

आणि त्यांनी सह्या केल्या. ताईंच्या डोळ्यांसमोर, एकामागून एक, भिंतीचा टेकू घेऊन. उपग्रहांनी पेन मागितलं, तेही ताईंनीच दिलं. मोबाइलवर 'सापडली', 'सापडली' असे निरोप तिथल्या तिथं यायला लागले.

बालवाडीच्या बाईंपुढं कागद आला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"मला नाही सापडली," त्या म्हणाल्या. "तुम्ही दाखवलीत."

ताईंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. हा सूड होता की मान होता, ते दातांवरून काही कळेना. एवढ्या वर्षांनी डोळ्यांत बघायला शिकावं, तर बाई पाठ फिरवून निघाल्याही होत्या. त्यांना हाक मारावी असं ताईंना फार वाटलं. काय म्हणून मारायची, ते सुचलं नाही.

सगळे गेल्यावर भिंतीतल्या खळग्याकडं बघवेना. दगड परत बसवण्यात अर्थ नव्हता, आता तो सगळ्यांना ठाऊक झाला होता. सह्यांचा कागद त्यांनी फाडून कालव्यात टाकला. त्याबद्दल मागाहून त्यांना वाईट वाटलं, कारण पाण्यात कचरा टाकणंही नियमात बसत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी दगड मागच्या खोलीच्या दारातल्या टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेल्या. वहिनी धुतलेले कपडे घेऊन आल्या. टेबलासमोर थांबल्या, वाकून त्यांनी शेवाळाच्या कडेकडं नीट बघितलं, आणि कपाळाला आठी घातली.

"आता दगडधोंडे पण घरात आणायला लागलीस का गं? टेबलावर चरे पडतील. बाहेर नेऊन टाक तो."

ताई ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात पुसले, दगड उचलला आणि बाहेर अंगणात, इतर दगडांत नेऊन ठेवला.