अकोल्याचा जुना नंबर

सुमे, ये, अशी जवळ सरक. समोर नाहीस तर वाचताना तरी सरक, आणि तो मोबाईल पालथा ठेव आधी. मागे तू म्हणालीस, "मावशी, नेट तर चालूच असतं ना, मग बोलू की कधीही." पुण्यात जाऊन हेच शिकलीस का ग? नेट चालू असणं म्हणजे काय, ते मला विचार. माझं आयुष्य त्यातच चाललंय.

आमच्या कंपनीने अकोल्याचा जुना सर्व्हर बंद केला होता, आणि मी अमरावतीच्या ऑफिसात तक्रारीची वाट पाहत बसले होते. एक तक्रार यायलाच हवी होती. ती येत नव्हती.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही, म्हणून सांगते. पाहुणा गावात शिरला की पारावर विचारतो, अमक्याचं घर कोणतं. पारावरचा माणूस हात करून दाखवतो. इंटरनेटवर तसंच आहे. आपण नाव टाकतो, पण मशीनला नंबर लागतो. कोणत्या नावाचा नंबर कोणता, हे सांगायला जो सर्व्हर बसलेला असतो तो डीएनएस. आमची केबल इंटरनेटची छोटी कंपनी, तिचा हा सर्व्हर मी सांभाळते. सुरुवातीला मी काउंटरवर नुसत्या तक्रारी ऐकून घ्यायचे. त्यांची उत्तरं शोधता शोधता शिकले. शिकवायला कोणी नव्हतं, आणि घरी वाट पाहणारंही कोणी नव्हतं, त्यामुळे वेळ भरपूर होता.

तर अकोल्याचं मशीन जुनं झालं. नवीन सर्व्हर अमरावतीत आला आणि गिऱ्हाइकांचे राउटर आपोआप त्याला विचारायला लागले. जुन्याकडे कोण विचारतंय ते मला पडद्यावर दिसायचं. ती वर्दळ रोज कमी होत गेली. शेवटी एकच जण उरला. बार्शीटाकळीच्या बाजूचे शेषराव, झेंडूची शेती करणारे. त्यांच्या राउटरमध्ये कोणीतरी जुन्या सर्व्हरचा नंबर हाताने टाकून ठेवला होता, त्यामुळे तो आपोआप बदलत नव्हता. टेक्निशियन पाठवला, तो परत आला. म्हातारा डब्ब्याला हात लावू देत नाही म्हणाला. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच.

साहेब म्हणाले, "बंद करा बाई. नेट गेलं की येतीलच बोंबलत."

बंद केला. पण ते बोंबलत आले नाहीत. आता लोकांचं नेट जरा अडखळलं तरी आमचा फोन खणखणतो, हे मी इतकी वर्षं पाहते आहे. आणि हा माणूस गप्प. मला ते गप्प राहणं खटकलं. एकट्या राहणाऱ्या माणसाला ते जास्तच खटकतं, असं धर. रजा टाकली आणि अकोल्याची बस धरली.

शेषरावांचं घर वावरातच. तिथे मोबाईलला रेंज नाही, म्हणून रस्त्यावरून केबल ओढलेली. राउटर कुठे असावा? देवघरात. दसऱ्याला अवजारांबरोबर त्याचीही पूजा झालेली, वर झेंडूची माळ वाळून गेलेली, हळदीकुंकवाची बोटं. आणि त्यामागे सगळे दिवे हिरवेगार.

मी विचारलं, नेट बंद पडलंय, तुम्ही तक्रार का केली नाही?

"बंद कुठी हाय?" ते म्हणाले. "दिवे पाहा ना, लागून राहिले. नेट चालू हाय. पोरगंच फोन करत नाही."

मग हळूहळू कळलं. मुलगा प्रवीण परदेशात. रोज सकाळी टॅबवर बोलायचा. शेवटच्या वेळी वावरावरून भांडण झालं होतं. विकून टाका आणि माझ्याकडे या, असं तो म्हणाला, आणि शेषराव त्याला नको ते बोलले. तेव्हापासून फोन नाही. आम्ही सर्व्हर बंद केला तोही नेमका त्याच दिवशी.

"राग आला असन त्याले," म्हणाले. "येऊ दे. मी काहून लावू?"

लावला असता तरी लागला नसता, ग. मी लॅपटॉप त्यांच्या नेटला जोडून पाहिला. नंबराने विचारलं की बाहेरचे सर्व्हर लगेच ओ देत होते. नावाने विचारलं की काही नाही. घर उभं, रस्ता मोकळा, पण पारावरचा माणूस उठून गेलेला.

मी म्हटलं, डब्ब्यात एक नंबर बदलायचा आहे, दोन मिनिटांचं काम.

"हात नका लावू बाई. प्रवीणनं बसवलं ते. जाताना सांगून गेला, बाबा, याले कोणाले हात लावू देऊ नका."

त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. घरात मुलाच्या हातचं तेवढंच उरलं होतं. मी हात मागे घेतला.

मग वेगळा विचार केला. डब्बा बदलायचा नाही, तर त्याला जो नंबर पाठ आहे तोच पुन्हा जिवंत करायचा. म्हणजे अकोल्याचा जुना नंबर अमरावतीच्या नवीन सर्व्हरला दुसरा नंबर म्हणून द्यायचा. मशीन बदललं तरी नंबर तोच. अमरावतीचा नंबर मला पाठ, त्यामुळे शेषरावांच्याच नेटवरून मी सर्व्हरमध्ये शिरले. पण त्या नंबरची वाट अकोल्याहून वळवायची तर साहेबांची परवानगी लागते. बांधावर रेंज शोधून फोन केला.

"एका माणसासाठी?" साहेब म्हणाले.

"साहेब, नंबर आपलाच आहे. रिकामा पडलाय."

मग म्हणाले, "करा."

मी आत आले, नंबर टाकला, आणि टॅब वाजायला लागला. एकामागून एक, प्रवीणचे निरोप. त्याला वाटलं होतं, बाबांनी रागाने टॅब बंद करून ठेवलाय. मग शेषरावांनीच फोन लावला.

"बाबा, काहून उचलत नव्हते?"

"तू काहून लावत नव्हता?"

नंतर प्रवीणने विचारलं, "झेंडूले पाणी देलं का?"

मी लॅपटॉप मिटून बाहेर आले. मी आलेय हेच शेषराव विसरले होते. चहाचंही राहिलं. स्टॉपवर बस येईपर्यंत मी एकटीच होते.

तो जुना नंबर मी अजून चालू ठेवला आहे. रोज सकाळी पडद्यावर शेषरावांच्या राउटरने विचारल्याची एक ओळ येते, आणि ती दिसली की मी पुढच्या कामाला लागते. यातून मी शिकले ते एवढंच: तक्रार आली नाही म्हणजे सगळं चालू आहे, असं धरू नये.

माझ्याही घरचा राउटर व्यवस्थित आहे, सुमे. दिवे हिरवेच आहेत. पण त्यावर जाऊ नकोस. पुढच्या सुट्टीत ये, अमरावतीच्या स्टँडवर मी स्वतः घ्यायला येईन.