गोलकीपरचा मूळ पगार

आमच्या गोलकीपरचा मूळ पगार मी कागदावर निम्मा केला, आणि ही कल्पना माझीच होती.

नव्वदच्या दशकात बहरीनमध्ये, हूऱ्यातल्या एका कंपनीत मी टायपिस्ट होतो. कंपनीची फुटबॉल टीम होती. लीगचा नियम असा, की सगळ्या खेळाडूंच्या मूळ पगारांची बेरीज ठरलेल्या मर्यादेच्या आत हवी. मालकाला नवा स्ट्रायकर घ्यायचा होता आणि मर्यादा तर भरलेली. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी तोंड उघडलं. गोलकीपरचा करार नव्याने करू. अर्धा पगार मूळ, उरलेला सीझनअखेर बक्षीस म्हणून. मालकाने पाठ थोपटली. ती पाठ मी आठवडाभर मिरवली.

गोलकीपर रत्नागिरीचा. रिफा गावात एका खोलीत बायको आणि चार वर्षांच्या मुलीसोबत राहायचा. त्याने करार न वाचताच सही केली. वहिनी मात्र चहाचा कप हातात धरूनच थांबल्या.

"भाऊ, कागदावर पगार कमी दिसला तर काय होत नाय ना?"

"वहिनी, नुसता कागद आहे हो!"

टीम जिंकत गेली. मला ते जरा जास्तच सुरळीत वाटायला लागलं होतं.

मग एका सकाळी कंपनीची सरकारी कामं करणारा बहरीनी माणूस आला. एरवी दारातूनच टिंगल सुरू करणारा. त्या दिवशी सरळ आत आला. त्याने व्हिसा वाढवायला नेलेले दोन पासपोर्ट टेबलावर ठेवले, एक वहिनींचा, एक मुलीचा.

"बेसिक कम. फॅमिली व्हिसा मफी." मफी म्हणजे नाही.

बायकामुलांना ठेवायला मूळ पगार किती लागतो, हे मला ठाऊक होतं. त्या अर्जातला तो रकाना सात वर्षं मीच टाईप करत होतो.

मालकाकडे धावलो. पगार पूर्ववत केला तर मर्यादा मोडते, टीम बाद. तो फाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "सीझन संपू दे. इंशाल्ला." सीझन संपायला दोन महिने होते. व्हिसा संपायला अकरा दिवस.

अकराव्या दिवशी रिफाला गेलो. गोलकीपर खोक्याला दोरी आवळत होता. माझ्याकडे बघितलं नाही. मुलगी बूट घालून तयार बसली होती. बाबा येणार नाहीत, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"वहिनी, दोन महिन्यांत परत आणतो तुम्हाला," मी म्हणालो. "माझ्या डोक्यात एक युक्ती आहे..."

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही नुसतं टायपिंग करा."